काळी चार

आमच्या मंडळाच्या पियानोत मधल्या सप्तकातली
काळी चार वाजत नसे.
दाबली की खाली जाई, निमूट वर येई,
बोलावल्यावर दारापर्यंत येऊन
काही न बोलता परत जाणाऱ्या माणसासारखी.

तार्तूच्या विद्यापीठाला चारशे वर्षं होत आली.
मंडळाला किती, कुणालाच धड ठाऊक नाही.
नोंदवहीची पहिली बावीस पानं
कुठल्याशा हिवाळ्यात शेगडीत गेली.
तेविसावं सुरू होतं ते असं:
"काळी चारबद्दल पुन्हा चर्चा. निर्णय नाही."

मी वाजवत नाही. मी मृदाशास्त्र शिकते,
आणि गुरुवारी संध्याकाळी पानं उलटते.
मारेतच्या डाव्या हाताला, अर्ध्या खुर्चीवर,
नखांत अजून शेतातली माती,
डोळे तिच्या हनुवटीवर.
हनुवटी जराशी हलली की उठायचं,
वरचा कोपरा चिमटीत धरायचा
आणि पान असं न्यायचं
की ते आपल्याच मनानं गेलं म्हणावं.

आता गंमत अशी
की त्या संथ भागात पान जिथे संपतं
नेमकी तिथेच काळी चार येते.
मारेत ती दाबायची, ती मुकी राहायची,
त्या मुक्या मात्रेत माझं पान उलटायचं.
कागदाची सळसळ खपून जायची.
मारेतच्या आधी हेल्डुर, त्याच्या आधी कुणी आइता,
सगळ्यांना तिथे अंधारातल्या जिन्याची
तुटकी पायरी ओलांडावी तसं
पाऊल हवेत टाकायची सवय होती.
कोणी शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीत नदी गोठली होती.
एमायोगी, म्हणजे आमच्या भाषेत आईनदी.
काउरने, खजिनदार आहे तो,
वाफल विकून साठवलेल्या पैशांतून
वाल्गाहून सूर लावणारी बाई बोलावली.
लाइने. ऐंशीची असेल.
अंगातला कोट न काढताच
ती पियानोत कोपरापर्यंत शिरली,
अडलेल्या गाईशी शिरावं तशी,
आणि हातोडीच्या सांध्यातून बाहेर आलं
पंधरा कोपेकचं नाणं.
ज्या राज्याचं, ते राज्यच आता नाही.

पडलं, की कुणी मुद्दाम टाकलं,
यावर जिन्यात अर्धा तास वाद.
लाइने म्हणाली, माझे पैसे द्या, गाडी चुकेल.
काउरने वहीत दोन्ही लिहिलं.
खर्च, बाईंची मजुरी.
जमा, पंधरा कोपेक.

गुरुवारी श्रोते नऊ.
त्यात एक रखवालदार,
एक जण निव्वळ उबेला येणारा, गणिताचा.
पान संपत आलं. हनुवटी हलली.
मी उठले, कोपरा चिमटीत

आणि काळी चार वाजली.

वर्षभर गप्प बसलेल्या पोरानं
हजेरीला एकदम "आहे!" म्हणावं, तशी.
माझा हात हवेत. मारेतचेही.
पान तिथल्या तिथे.
मग तिनं तीच पट्टी पुन्हा दाबली, हळू,
खात्री करून घ्यावी म्हणून,
आणि मागच्या रांगेत रखवालदार हसला,
मोठ्यानं, एकटाच,
मग टोपी काढून मांडीवर ठेवून
पुढचं सगळं ऐकत बसला.

आता मी पान एक मात्रा आधी उलटते.
सळसळ ऐकू जाते.
मारेत म्हणते, जाऊ दे ना, कागदच तो.
तरी मला ती मुकी मात्रा आठवते.
अख्ख्या रचनेत तेवढीच माझी होती.

काल सगळे गेल्यावर खिडक्या लावायला थांबले.
बाहेर नदीवरचा बर्फ कुठेतरी तडकत होता.
एका बोटानं दाबली.
वाजली.
नाणं झाकणावर पडलं होतं, ते जरासं थरथरलं.